दार उघडल्यावर पहिलं काय दिसेल?

आमच्या दुकानाच्या पाटीवर ‘सर्वांत जुने किल्लीवाले’ असं लिहिलं आहे. समोरच्या फुटपाथवरच्या दुकानाच्या पाटीवर ‘त्याहून जुने’ असं लिहिलं आहे. आख्ख्या गावात किल्लीवाले दोनच, आणि दोघांनाही धंदा शिकवला तो एकाच माणसाने, म्हणजे माझ्या आजोबांनी. जुनं कोण हे खरं तर त्यांनाच विचारायला हवं होतं. पण पाट्या रंगायच्या आधीच ते गेले. आयुष्यभर त्यांनी कोणाची बाजू घेतली नाही, आणि जातानाही ती सवय मोडली नाही.

आमचं दुकान आत्या चालवते. समोरचं पलीकडचे काका चालवतात. त्यांना खरं नाव आहे, पण आत्याने ते नऊ वर्षांत घेतलेलं नाही, त्यामुळे आमच्या घरात ते हळूहळू बंदच पडलं. दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. काही निरोप असला तर मी रस्ता ओलांडते. मी तेवीस वर्षांची आहे, आत्याच्या परवान्याखाली काम करते, आणि नऊ वर्षांत एवढा रस्ता ओलांडला आहे की वाहतूक खात्याने मला काहीतरी द्यायला हवं होतं.

आता आजोबांचा नियम सांगते, कारण पुढचं सगळं रामायण त्यावरूनच झालं.

कोणी येतो, म्हणतो, किल्ली आत राहिली, दार लागलं, चला. आपण जायचं. पण कुलपाला हात लावण्याआधी त्या माणसाला विचारायचं, “दार उघडल्यावर पहिलं काय दिसेल?” तो सांगतो, बुटांचं कपाट, त्यावर दांडी मोडलेली छत्री. मग कुलूप उघडायचं, दार फक्त वीतभर ढकलायचं, आणि आपण एकट्याने आत डोकवायचं. छत्री दिसली तर बाजूला व्हायचं. नाही दिसली तर दार ओढून घ्यायचं आणि घरी जायचं. बस. आजोबा म्हणायचे, माणूस नाव खोटं सांगतो, कागद खोटे आणतो, रडतोसुद्धा खोटं. पण स्वतःच्या दारातून पहिलं काय दिसतं हे कोणी खोटं सांगत नाही, कारण ते बहुतेक घरांत दाखवण्यासारखं नसतंच.

एकदा एक गृहस्थ म्हणाले, “पहिला माझा फोटो दिसेल. समोरच्या भिंतीवर.” आत्याने वीतभर दार ढकललं. समोरच्या भिंतीवर खिळा होता. आत्याने दार ओढून घेतलं.

“फोटो इथेच होता हो!” गृहस्थ म्हणाले.

“असेल,” आत्या म्हणाली.

नंतर कळलं, त्यांच्या बायकोने त्यांना तीन वर्षांपूर्वी घराबाहेर काढलं होतं, आणि त्याला कारण होतं.

तर एका सोमवारी, साधारण साडेदहाला, दुकानात दोघं आले. आत्या शाळेच्या प्रयोगशाळेतली कपाटं उघडायला गेली होती. आलेल्यांपैकी एक साहेब होते. हे कोणी सांगावं लागलं नाही, कारण त्यांनी एक फाईल छातीशी अशी धरली होती की जणू तिला थंडी वाजत होती. दुसरा त्यांचा कारकून. त्याच्या हातात वही, मनगटावर मोठं घड्याळ.

साहेबांनी काचेतल्या एका पितळी कुलपाकडे बोट दाखवलं. “हे सात पिनांचं ना? किल्लीशिवाय उघडता येतं?”

इतर कुठल्याही धंद्यात ‘हे जमेल का’ असं विचारलं की माणूस आधी मान खाजवतो, अवघड आहे म्हणतो, चार दिवस मागतो. आमच्या धंद्यात ‘जमेल का’ हा प्रश्न नसतो, तो अपमान असतो. सुताराला कोणी विचारतं का, तुम्हाला लाकूड दिसतं का म्हणून?

“येतं का म्हणजे?” मी म्हटलं.

आणि आतल्या सातही पिना एकेक करून उचलत उघडून दाखवलं. कारकुनाने घड्याळ बघितलं. अकरा सेकंद. त्याने ते वहीत लिहिलं आणि माझ्यापुढे सरकवलं. “सही कराल?”

मी केली. खाली एक रेघसुद्धा ओढली, ऐटीत. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, फक्त ते सहसा इतक्या सुवाच्य अक्षरात होत नाही.

आत्या परत आली तेव्हा साहेब तिला म्हणाले, “चला बाई, सरकारी काम आहे. जवळच.” आत्याने पिशवी उचलली. मी पण गेले.

तिसरी गल्ली, दुमजली घर, वरचा मजला. दारावर तेच सात पिनांचं पितळी कुलूप. आणि ते दार कोणाचं आहे हे गावात सगळ्यांना माहीत होतं. दिवाबाईंचं.

दिवाबाई म्हणजे भूगोलाच्या निवृत्त शिक्षिका. निवृत्तीनंतर माणसं फिरायला जातात, तशा त्याही जायच्या, पण हातात वही घेऊन. रोज संध्याकाळी रस्त्यावरचे दिवे मोजायच्या. महिन्याच्या शेवटी वाचनालयाच्या फळ्यावर कागद लागायचा: पेटलेले दिवे २१२, न पेटलेले ३४०, खांबांचे क्रमांक खालीलप्रमाणे. बाकी एक शब्द नाही. टीका नाही, उद्गारचिन्ह नाही. नगर कार्यालयाच्या अहवालात मात्र सगळे दिवे पेटत होते. गेल्या महिन्यात वरून कोणी मोठे पाहुणे आले, वाचनालयात पाणी प्यायला थांबले, आणि पाणी पिता पिता त्यांनी फळा वाचला. आमचे फाईलवाले साहेब दिवे विभागाचे प्रमुख होते.

दिवाबाई त्या वेळी गावात नव्हत्या. मुलीचं बाळंतपण होतं, तिकडे गेल्या होत्या.

“उघडा,” साहेब म्हणाले.

“बाई कुठे आहेत?” आत्याने विचारलं.

“त्या नाहीत. म्हणून तर तुम्हाला आणलं.”

“कोर्टाचा कागद?”

“कागद होईल हो मागाहून. पाच मिनिटांचं काम. आत जायचं, अफवांच्या त्या वह्या घ्यायच्या, बाहेर यायचं. तुम्ही परत कुलूप लावून टाका. कोणाला कळणारही नाही.”

आत्याने पिशवी खाली ठेवली. मला वाटलं, आता ती हत्यारं काढणार. तिने काढला तो रुमाल. कपाळ पुसलं.

“बरं. दार उघडल्यावर पहिलं काय दिसेल?”

साहेबांनी कारकुनाकडे पाहिलं. कारकुनाने फाईलकडे पाहिलं. फाईल काही बोलली नाही.

“म्हणजे?”

“म्हणजे दार उघडलं. समोर काय आहे?”

“ते मला कसं माहीत असणार? तेच तर बघायचंय!”

“मग हे दार तुमचं नाही.”

“माझं नाहीच आहे! मी कधी म्हटलं माझं आहे?”

“झालं तर मग,” आत्या म्हणाली आणि पिशवी उचलली.

“अहो बाई, मी सरकार आहे!”

“असाल ना. सरकारला स्वतःचं ऑफिस आहे. त्याची किल्ली हरवली तर निरोप पाठवा, हातातलं काम टाकून येते.”

साहेबांनी दाराकडे निरखून पाहिलं. मग एकदम म्हणाले, “सोफा.”

“काय?”

“सोफा दिसेल.”

कारकून कुजबुजला, “टेबल म्हणा साहेब, शिक्षिका आहेत.”

“टेबल. टेबल दिसेल.”

“मी एकदाच उत्तर घेते,” आत्या म्हणाली.

मग साहेबांनी हुकमाचं पान काढलं. कारकुनाची वही उघडून आत्याच्या नाकासमोर धरली. “हे बघा. तुमच्याच दुकानात. हेच कुलूप. अकरा सेकंद. खाली सही आहे. उघडत नाही अशी थाप मारायची सोय नाही तुम्हाला.”

आत्याने ते वाचलं. मग माझ्याकडे वळली. पायाखालची जमीन सरकते म्हणतात. माझ्या बाबतीत ती सरकली असती तर बरं झालं असतं, निदान खालच्या मजल्यावर तरी गेले असते.

“अकरा?” आत्या म्हणाली.

“हो.”

“सात पिना?”

“हो.”

आत्या साहेबांकडे वळली. “मला चौदा लागतात,” ती म्हणाली. तिच्या आवाजात, मी खोटं सांगत नाही, अभिमान होता. “उघडता येतं, साहेब. उघडणार नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन्ही लिहून घ्या.”

कारकुनाने दोन्ही लिहून घेतल्या. त्याला कोणी सांगितलेलं काम तो करायचा, सांगणारा कोणीही असो.

“एवढी घाई असेल तर तोडत का नाही?” आत्याने विचारलं. आणि तिनेच उत्तर दिलं. “तोडलं तर मोडकं दार दिसतं. चार माणसं विचारतात, कोणी मोडलं. मी उघडलं तर काहीच दिसत नाही. तुम्हाला माझा हात त्यासाठी हवाय. तो मिळणार नाही.”

“तुमचा परवाना आमच्याच इमारतीत मिळतो, बाई. खालच्या मजल्यावर.”

“माहीत आहे. एकतीस वर्षं येते. तिथल्या जिन्यातही दिवा नाही.”

साहेबांनी कारकुनाला पिटाळलं. कुठे, ते आम्हाला लगेच कळलं. गावात किल्लीवाले दोनच.

वीस मिनिटं आम्ही त्या जिन्यात उभे होतो. आत्या भिंतीकडे बघत होती. मला कळत होतं ती काय मोजते आहे. पलीकडच्या काकांनी दार उघडलं की झालं. वह्या गेल्या, दिवाबाईंच्या घरात परके पाय फिरले, आणि आत्याचा परवाना गेला तो फुकटच. शिवाय नऊ वर्षं ज्याचं नाव घेतलं नाही, त्याच्या हातून. काकांना तरी काय पडलं होतं? एक दार उघडायचं आणि समोरचं दुकान कायमचं बंद. पाटीवरचा वाद आपोआप मिटला असता.

काका आले. आत्याकडे पाहिलं नाही. गुडघ्यावर बसले, कुलपाच्या भोकात हलकेच फुंकर मारली. आजोबा मारायचे तशी, आत्या मारते तशी. कुलूप उघडायचा आकडा आणि पट्टी काढली. मग काका तसेच बसल्या बसल्या मान वर करून म्हणाले,

“साहेब, दार उघडल्यावर पहिलं काय दिसेल?”

साहेबांच्या हातून फाईल पडली.

“हे तुम्ही दोघांनी ठरवून केलंय!”

“आम्ही दोघं नऊ वर्षं बोलत नाही, साहेब,” काका म्हणाले. “गावात कोणालाही विचारा.”

“खरं आहे, साहेब,” कारकून फाईल उचलता उचलता म्हणाला. “एकमेकांचं तोंड बघत नाहीत.”

आत्या अजूनही भिंतीकडेच बघत होती. पण तिचे खांदे खाली आले, आणि मला कळलं की गेली वीस मिनिटं तिने ते वर धरून ठेवले होते.

दुपारी दोन्ही दुकानांवर एकच नोटीस चिकटली. ‘सरकारी कामात असहकार, सबब परवाना स्थगित.’ आमच्या पाटीवर चिकटवणाऱ्याने ‘सर्वांत’ हा शब्द झाकला, समोरच्या पाटीवर ‘त्याहून’. म्हणजे त्या दिवसापासून दोन्ही दुकानं नुसती जुनी राहिली.

पुढचे दहा दिवस गावाने कसे काढले ते गावालाच माहीत. दंतवैद्य स्वतःच्या दवाखान्यात अडकले आणि खिडकीतून पेशंट तपासत बसले. एक नवरदेव आपल्याच खोलीच्या झरोक्यातून कमरेपर्यंत आत गेला आणि तिथेच राहिला. त्याला बाहेर काढायला आलेले लोक आधी त्याला काय काय सुनावून गेले. सगळे आमच्याकडे यायचे, आणि आत्या सगळ्यांना तेच सांगायची, “परवाना नाही. बेकायदेशीर काम मी करत नाही.”

घरात ती बसू शकत नव्हती. एकतीस वर्षांत ती दुसरं काही शिकलेली नाही. तिला साधी भिंत रंगवता येत नाही, आणि मासे पाळले होते ते आठवड्यात गेले. दोन दिवसांत तिने घरातली सगळी कुलपं खोलून तेल देऊन परत बसवली. तिसऱ्या दिवशी न्हाणीघराची कडी खोलली. बाबा आत होते.

“म्हणायचं ना दिवाबाईंचं कुलूप अडकलंय म्हणून,” बाबा बाहेर आल्यावर म्हणाले. ते आत्याचे धाकटे भाऊ, पण घरात शहाणपणाचं खातं त्यांच्याकडे. “गंज चढलाय म्हणायचं. सुंठीवाचून खोकला गेला असता.”

“ही अकरा सेकंद सही देऊन बसलीये की,” आत्या म्हणाली. मला घरात ‘अकरा सेकंद’ हेच नाव पडलं होतं.

“अगं पण तरी. थोडं खोटं बोलली असतीस तर परवाना वाचला असता.”

आत्याने हातातली कडी बाजूला ठेवली. “आज म्हटलं गंज चढलाय, तर उद्या ते तेल घेऊन येतील. मग काय सांगू? उघडत नाही म्हटलं की गोष्ट कुलपावर येते. उघडणार नाही म्हटलं की ती त्यांच्यावर येते. एखाद्याच्या घरात का जायचंय, ते त्यांनी सांगायचं. मी कशाला गंजाची गोष्ट रचू?”

बाबांनी तोंड उघडलं, आणि पुन्हा न्हाणीघरात गेले. कडी नसल्यामुळे त्यांना आतून गाणं म्हणत राहावं लागलं.

आत्याने कोर्टात अर्ज केला. स्वतःच लिहिला. साडेतीन ओळी. काकांनीही केला, वेगळा. त्यांचा चार ओळींचा होता, आणि हे त्यांनी मला रस्ता ओलांडायला लावून कळवलं.

सुनावणी गुरुवारी होती. कोर्टाची खोली छोटी, पंखा मोठा. त्याच्या वाऱ्याने सगळ्यांचे कागद उडत होते, म्हणून प्रत्येकाने हाताला लागेल ते कागदावर ठेवलं होतं. आत्याने पिशवीतलं एक पितळी कुलूप ठेवलं होतं. साहेबांनी स्वतःची कोपरं ठेवली होती. न्यायाधीशबाई बारीक, पिकल्या केसांच्या, आणि बोलताना आवाज अजिबात न चढवणाऱ्या. अशा माणसांची मला जास्त भीती वाटते.

“घरात काय होतं?” त्यांनी साहेबांना विचारलं.

“वह्या.”

“कशावरून?”

“असणारच.”

“वह्यांत काय होतं?”

“ते वह्या मिळाल्यावर कळलं असतं.”

“पोलिसांना का नाही नेलं?”

साहेब उत्तर जुळवत होते तेवढ्यात मागून कारकून म्हणाला, “आधी त्यांच्याकडेच गेलो होतो, बाईसाहेब. त्यांनी कोर्टाचा कागद मागितला. मग किल्लीवाल्यांकडे गेलो.”

साहेबांनी वळून दात ओठ खाल्ले. “तू कोणाच्या बाजूने आहेस रे?”

“मी नोंद ठेवतो, साहेब,” कारकून म्हणाला.

न्यायाधीशबाईंनी चष्मा काढला. “संविधानाचं पुस्तक आणा.”

शिपाई कोपऱ्यातल्या लोखंडी कपाटापाशी गेला, आणि तिथेच थांबला. कपाट बंद होतं. किल्ली दप्तरदाराकडे. दप्तरदार रजेवर, परगावी.

“आपल्याला पाठ असेल ना, बाईसाहेब,” साहेब म्हणाले.

“पाठ आहे. निकाल पाठांतरावर देत नाहीत, वाचून देतात.” मग त्या आत्याकडे वळल्या. “तुम्ही उघडा.”

आत्या उभी राहिली. “माफ करा, बाईसाहेब. माझा परवाना स्थगित आहे.”

खोलीत कोणीतरी हसलं. बहुतेक मी.

“हे बरोबर आहे,” साहेब उत्साहाने म्हणाले. “ते बेकायदेशीर होईल.” आणि मग त्यांच्या लक्षात आलं की आपण नेमके कोणाच्या मदतीला धावलो आहोत.

न्यायाधीशबाईंनी एक कोरा कागद ओढला, लिहिलं, सही केली. स्थगितीला अंतरिम स्थगिती. शाई वाळेपर्यंत पंख्याखाली धरला. आत्याने तो दोनदा वाचला, घडी घालून खिशात ठेवला, पिशवी घेतली, कपाटासमोर जाऊन बसली. कुलपात फुंकर मारली.

आणि थांबली.

मी मनात म्हटलं, नको. आत्या, आज नको. या तर न्यायाधीश आहेत.

“बाईसाहेब,” आत्या म्हणाली, “दार उघडल्यावर पहिलं काय दिसेल?”

शिपाई गार पडला. वकिलांच्या बाकावरचे दोघं, ज्यांचा या खटल्याशी संबंध नव्हता आणि जे नुसते पंख्यासाठी बसले होते, ते ताठ झाले. पलीकडच्या काकांनी डोळे मिटून घेतले. ते घाबरून मिटले की आजोबांची आठवण येऊन, ते मी विचारलेलं नाही.

न्यायाधीशबाईंनी कपाटाकडे पाहिलं. मग त्यांनी घसा साफ केला.

“मधल्या कप्प्यात,” त्या म्हणाल्या, “एक चप्पल दिसेल. उजव्या पायाची. डावी दुरुस्तीला दिली आहे.”

आत्याने कुलूप उघडलं. दार वीतभर ओढलं, एकटीने डोकावली. मग उठून बाजूला झाली. “घ्या, बाईसाहेब.”

न्यायाधीशबाई स्वतः उठून आल्या. चप्पल सरकवली, तिच्यामागून पुस्तक काढलं, जागेवर जाऊन बसल्या, पान शोधलं, आणि वाचलं. फार मोठं नव्हतं. माणसाच्या घरात, त्याच्या कागदांत, न्यायालयाच्या लेखी आदेशावाचून सरकारच्या माणसाने जायचं नाही; आणि कुठे जायचं, काय शोधायचं, ते का तिथे असेल असं वाटतं, हे त्या आदेशात आधी लिहिलेलं असलं पाहिजे. मग दुसरं पान काढलं. माणसाने जे पाहिलं ते लिहायला आणि लोकांना सांगायला तो मोकळा आहे. तिसरं पान काढायला त्या निघाल्या होत्या, पण साहेबांकडे बघून थांबल्या.

“या बाईंनी मला विचारलं,” त्या म्हणाल्या. “कपाट कोर्टाचं. खुर्चीवर मी बसलेली. हुकूम माझा, तोही लेखी. तरी विचारलं. आणि मला उत्तर द्यावं लागलं, चपलेसकट. त्यात माझं काही कमी झालं नाही, साहेब. तुम्हाला एका वाक्यात कारण सांगता येत नसेल, तर तुम्हाला त्या घरात काम नाही.”

दोन्ही परवान्यांवरची स्थगिती रद्द. वह्या हव्या असतील तर कार्यालयाने कारणासह अर्ज करावा. आणि रस्त्यावरचे दिवे मोजायला कुठलाही परवाना लागत नाही, हे त्यांनी वेगळं लिहायला लावलं.

“अर्ज करणार का?” त्यांनी विचारलं.

साहेबांनी कागदांवरची कोपरं उचलली. कागद उडाले. “विचार करून सांगतो,” ते म्हणाले आणि कागद गोळा करू लागले.

मी आत्याकडे पाहिलं. ती पिशवीचा बंद आवळत होती, जणू कोणाच्या तरी स्वयंपाकघराची कडी बसवून निघाली होती. माझी आत्या. सरकारला नाही म्हणाली तेव्हाही तिने आवाज चढवला नव्हता, आणि न्यायाधीशांना प्रश्न विचारला तेव्हाही. एकच आवाज, दोघांनाही. माझा ऊर वगैरे भरून आला. मी खोकल्यावर भागवलं.

कोर्टाच्या पायऱ्यांवर पलीकडचे काका उभे होते. आत्या त्यांच्यापाशी थांबली. मी निरोप न्यायला पुढे झाले, तर तिने हाताने मला बाजूला केलं.

“फुंकर बरी मारलीस,” ती काकांना म्हणाली.

काकांनी मान हलवली. नऊ वर्षांनी माणूस काय बोलेल, म्हणून मी श्वास रोखून उभी.

“सात पिनांना चौदा सेकंद म्हणालीस म्हणे,” काका म्हणाले.

“हो.”

“मला बारा लागतात.”

त्यानंतर ते पुन्हा बोलत नाहीत. पण आता कारण नवीन आहे, आणि दोघांची तब्येत सुधारली आहे.

दिवाबाई महिनाअखेरीस परत आल्या. दुसऱ्याच दिवशी दुकानात. नातीचा फोटो दाखवला, मग आत्यासमोर स्टुलावर बसल्या.

“तुम्ही माझं दार उघडलं नाहीत म्हणे.”

“नाही उघडलं.”

“खरं सांगू का, त्या वह्या तिथे...”

“सांगू नका,” आत्या म्हणाली.

“अहो, पण गंमत अशी आहे की...”

“बाई, मी आत बघितलं नाही. तुमच्या घरात काय आहे आणि काय नाही, ते तुमचं. आता सांगितलंत तर उघडल्यासारखंच होईल.”

दिवाबाईंचा चेहरा उतरला. चाळीस वर्षं वर्गात शिकवलेल्या बाईला माहिती असून सांगता येत नाही यासारखी शिक्षा नाही. मलाही सांगायला हरकत नव्हती, माझा कान लगेच पुढे झाला होता, पण आत्याने माझ्या हातात कानस दिली आणि मशीनवरची किल्ली घासायला लावली. दिवाबाई उठल्या. दारात थांबून त्यांनी बाहेरच्या खांबाकडे पाहिलं, वहीत काहीतरी खूण केली आणि गेल्या.

त्या आठवड्यात मी माझ्या स्वतःच्या परवान्याचा अर्ज भरला. आत्या म्हणाली, एकाच नावावर सगळं असणं बरं नाही, एक नाव बंद करणं सोपं असतं. नगर कार्यालयाचा खालचा मजला, जिन्याशेजारची खिडकी. खिडकीत तोच कारकून होता. दिवे विभागातून त्याला इथे आणलं होतं. बढती की शिक्षा, असं मी विचारलं, तर म्हणाला, आदेशात लिहिलेलं नाही.

त्याने अर्ज तपासायला घेतला. नाव, पत्ता, वय. मग बोट एका रकान्यावर थांबलं. ‘या व्यवसायातील आजवरचे उल्लेखनीय काम.’ तिथे मी लिहिलं होतं: आम्ही एक दार उघडलं नाही.

“एवढंच?” त्याने विचारलं.

“एवढंच.”

त्याने ते पुन्हा वाचलं. माझ्याकडे पाहिलं. मग शिक्का उचलला, आणि हवेतच थांबवला.

“तारीख राहिली,” तो म्हणाला. “ती आठवते ना?”

मी त्या सोमवारची लिहिली.